सोळा दिवसांचं पोर

गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा रोज सकाळी दारात येऊन एकच गोष्ट विचारायला लागला. "मावशी, बीपीची गोळी घेतलीस का?" त्याआधी सहा वर्षं मी ती गोळी घेत होते, पण तिचा रंगसुद्धा त्याला ठाऊक नव्हता. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस बाई, एवढं तर पोटचं पोरबी इचारत न्हाय." पण काळजीनं विचारणारा माणूस आपल्या तोंडाकडं बघतो. हा गोळ्यांच्या पाकिटाकडं बघायचा.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, मी त्याला वाढवलं. आता पन्नाशी उलटलीय. टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर आहे, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करतो. नखांतलं ग्रीस कधी निघत नाही. डोळे मात्र घारे, आणि चैत्राचं ऊन लागलं की मान लालभडक होते. कारण त्याचा बाप इंग्रज होता.

बापाला आम्ही सगळे साहेबच म्हणायचो. साहेबाचा बाप विलायतेतून इथल्या मिलमध्ये इंजिनिअर म्हणून आला. साहेब सोलापुरातच जन्मला, इथंच वाढला. मराठी आमच्यासारखीच बोलायचा आणि शिव्या कानडीत द्यायचा. बाकीचे इंग्रज निघून गेले तेव्हा हा राहिला. माझी बहीण त्याच मिलमध्ये वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. मी घरी बिड्या वळायचे. आमचं गाव जेऊरकडचं, सोलापुरात सख्खं असं कुणी नव्हतं, त्यामुळं अडवायलाही कुणी नव्हतं. एका रविवारी माझ्या खोलीत, चाळीतल्या पाच घरांसमोर दोघांनी एकमेकांना हार घातले. माझ्या लेखी लग्न झालं.

पण सरकारच्या लेखी झालं नव्हतं. तो ख्रिस्ती, आम्ही हिंदू. रजिस्टर लग्न करायचं तर आधी ऑफिसात नोटीस द्यायची, ती महिनाभर बोर्डावर लावतात, मग सही. बहिणीला दिवस गेले तशी ती त्याच्या मागं लागली. तो म्हणायचा, करू की. चौथा महिना झाला, सहावा झाला. मिलमध्ये बायका तिला तोंडावर विचारायच्या, "काय गं, कागद हाय का नुसतीच ठेवलीय?" ती घरी येऊन रडायची. आठवा महिना सरत आला तेव्हा साहेब एकदाचा जाऊन नोटीस देऊन आला.

पोर श्रावणात भर दुपारी माझ्याच खोलीत झालं. सुईण होती आणि मी होते. बाराव्या दिवशी बारसं केलं. सोळाव्या दिवशी आम्ही रजिस्टर लग्नाला गेलो.

ऑफिसच्या पायरीवर साहेबानं बहिणीच्या हातातून पोर घेतलं आणि माझ्याकडं दिलं. "अक्का, तुमी धरा. कुणी इचारलं तर तुमचं म्हणून सांगा."

मला वाटलं, लाज वाटत असेल. मी धरलं.

आत साक्षीदार म्हणून मिलमधले दोघं आणि मी. टेबलामागचा अधिकारी खुशीत होता. म्हणाला, "साक्षीदार तीन लागतात. हा चौथा रडतोय, तो कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

सगळे हसले. बहीण हसली नाही. तिच्या पोलक्यावर दूध आलं होतं, तिनं पदर ओढून घेतला आणि सही केली. टांग्यात बसताच तिनं पोर माझ्या हातून ओढून घेतलं. साहेब चांगला माणूस होता, पण त्या दिवशी त्यानं जे केलं ते मी अजून विसरलेले नाही.

मिलनं दिलेल्या बंगल्यावर पोचलो. बहीण आत पोराला पाजायला बसली. मी व्हरांड्यात साहेबाला धरला.

"आईसमोर पोराला परकं करायला लावलंत. कशापायी?"

त्यानं आत एकदा बघून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगायला लागला. त्याच्या घराण्यात एक किताब होता. बॅरोनेट म्हणतात त्याला. त्याच्या खापरपणजोबाला तिथल्या राजानं दिलेला.

"लॉर्ड म्हणा की."

"लॉर्ड न्हाय. लॉर्डाच्या खाली. पण साध्या सरच्या वर. साध्या सरचा किताब त्याच्यासंगं मरतो. हा मरत न्हाय. थोरल्या पोराकडं जातो. पोर नसलं तर भावाकडं, भावाच्या पोराकडं, चुलतभावाकडं. असा हुडकत हुडकत जातो."

"जमीन मिळती?"

"न्हाय."

"वाडा?"

"माझ्या आज्याच्या आधीच इकला."

"मग पार्लमेंटात बसायला?"

"त्येबी न्हाय. नावाआधी सर म्हणायचं. बायकोला लेडी म्हणायचं. संपलं."

"सर तर शाळेतल्या मास्तरालाबी म्हणत्यात," मी म्हणाले. तो हसला. आमच्या गावात पाटलाची पाटीलकी कायद्यानं गेली, तरी पोळ्याला त्याचेच बैल पहिले निघायचे. दुसरा कुणी पुढं काढला तर कुऱ्हाडी निघायच्या. तसंच काहीतरी असणार, असं मी मनाशी धरलं.

पण मग तो जे बोलला ते मला आजही तसंच ऐकू येतं. त्याचा बाप त्या किताबाच्या रांगेत होता. पुढं चौदा माणसं होती, सगळी विलायतेत, कुठले कुठले चुलते. बापानं बंगल्याच्या भिंतीवर चौदा नावांचा तक्ता लावला होता. विलायतेचं वर्तमानपत्र तीन आठवड्यांनी यायचं. बाप सकाळच्या चहाबरोबर आधी मेलेल्यांची यादी वाचायचा. त्यात आपल्यातलं नाव दिसलं की चहा तसाच ठेवून उठायचा आणि तक्त्यावर पेन्सिलनं काट मारायचा.

"लढाई लागली," साहेब म्हणाला, "तवा माझा बाप खूश झाला, अक्का. एकाच वर्सात चार पोरं गेली, तरणीताठी. मी दहा वर्साचा हुतो. त्यानं मला खांद्यावर घेऊन तक्ता दाखवला. म्हणला, बघ, आता धाच ऱ्हायले."

बाप मेला तेव्हा पुढं तिघं शिल्लक होते. शेवटच्या आजारातही त्यानं विचारलं होतं, पत्र आलं का. तो गेल्यावर साहेबानं तक्ता जाळला.

"हा किताब बिनलग्नाच्या पोराला मिळत न्हाय. आईबापांनी मागनं लग्न केलं तरी न्हाय. म्हणून मी थांबलो. माझ्या पोरानं कुणाच्या मरणाची वाट बघायची न्हाय. हितं माझं जे काय हाय ते त्याचंच. नावबी माझंच लागंल. फकस्त त्ये एक नगं. हापिसात तिला कुणी बोलू नये म्हणून तुमचं म्हणायला लावलं."

"आन तिनं काय पाप केलंय?" मी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

तो म्हणाला, "सोळा दिवस. तुमी ध्यानात ठेवा. कधी कुणी इचारलं तर खरं सांगा."

मी शब्द दिला नाही. तिथं पोराला माझं म्हणायला लावणारा मला खरं बोलायला सांगत होता.

पोर तीन वर्षांचं असताना बहीण काविळीनं गेली. साहेब दिवसभर मिलमध्ये, पोर माझ्याकडं. मला बिड्या वळायच्या, वळलेल्या कारखान्यात नेऊन तपासून द्यायच्या, आणि हा पानं फाडून ठेवायचा. पाच पूर्ण व्हायच्या आधीच मी त्याला शाळेत नेऊन बसवला.

"वय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सहा पुरी."

त्यांनी पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "डाव्या हातानं उजवा कान धर रे." हात डोक्यावरून घेऊन कान धरता आला की पोर सहाचं, अशी त्यांची मोजणी. पोर बापासारखं लांब हातापायाचं, त्यानं धरला.

"जन्मतारीख?"

"तुमीच लिवा की."

"एक जून," ते म्हणाले, आणि वर्ष मागं मोजून लिहून टाकलं. माझी स्वतःची तारीख माझ्या मास्तरांनी अशीच लिहिली होती. त्या वर्गातली अर्धी पोरं एक जूनला जन्मली होती. त्यात काही खोटं केलं असं मला वाटलंच नाही. मी घरी आले आणि बिड्या वळायला बसले.

मग पुढं काही नाही, बरीच वर्षं. मिल बंद पडली, बंगला गेला. साहेब आमच्या गल्लीत येऊन राहिला, भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन म्हातारा झाला, आणि इथंच मेला. किताबाचं त्यानं पोराजवळ कधी नाव काढलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास विलायतेहून भाच्याच्या मोबाईलवर पत्र आलं. जुन्या घराण्यांचे वारस हुडकून देणारा कुणी माणूस होता. भाच्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्यानं फोनवर मराठीत समजावून सांगितलं. सध्याचा किताबवाला एकोणनव्वद वर्षांचा आहे. लग्न केलेलं नाही. म्हाताऱ्यांच्या आश्रमात राहतो. त्याच्यामागं आता एकच घर उरलंय, सोलापूरचं. आईबापांच्या लग्नाचा आणि तुमच्या जन्माचा कागद नीट असेल, तर पुढचे तुम्ही.

भाचा माझ्याकडं पळत आला. पन्नाशीचा माणूस, पोरासारखा लाल झाला होता. "मावशी, आमी कोण हाय ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय," मी म्हणाले. तो एवढा खुशीत होता की त्यानं ते ऐकलंच नाही.

त्याच आठवड्यात त्यानं दाराला नवी पाटी करायला टाकली. नावाआधी जागा मोकळी ठेवायला सांगितली, चार बोटं. कारखान्यातले चिडवायचे, "ओ सर, तीन नंबरचा माग बंद पडलाय, येता का किताबासकट?" तो हसायचा, पण पहिल्यासारखं नाही. पूर्वी तोच सगळ्यांत आधी हसायचा.

आणि मोबाईलवर तो तिथलं हवामान बघायला लागला. एकदा माझ्यासमोर चहा पिता पिता म्हणाला, "यंदा तिकडं थंडी लई हाय म्हणं."

"आपल्याला काय त्याचं?"

"न्हाय, म्हातारी माणसं असत्यात. सोसत न्हाय."

बशी माझ्या हातात तशीच राहिली. चहा ठेवून उठणारा त्याचा आजा मी कधी पाहिला नव्हता, त्या दिवशी पाहिला.

लग्नाचा कागद ट्रंकेत होता. जन्माचा नव्हता. घरी झालेलं पोर, नगरपालिकेत कुणी नोंदवलंच नव्हतं. शाळेचा दाखला होता, त्यावर एक जून, लग्नाच्या तारखेच्या वर्षभर आधीचा. भाचा मला घेऊन कोर्टाजवळच्या एका वकिलाकडं गेला. वकिलानं दाखला बघितला आणि हसला.

"एक जून! अहो, माझीपण एक जूनच आहे. त्यात काय. मावशी, तुम्ही एक प्रतिज्ञापत्र करा. शाळेत अंदाजानं तारीख घातली, खरा जन्म लग्नानंतर अमक्या दिवशी झाला. तुम्ही हजर होता ना?"

"व्हय, होते."

"मग झालं की. तारीख सांगा, टाईप करतो."

भाचा माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "आत्ता डोक्यात येत न्हाय. घरी जाऊन सांगते."

"सावकाश," वकील म्हणाला. "पण तुमचंच पाहिजे हं. तो विलायतवाला तुमच्याशी फोनवर बोलणार आहे म्हणे, समोरासमोर दिसतं त्या फोनवर. सख्खी मावशी जिवंत असताना शेजाऱ्यापाजाऱ्याची साक्ष कोण घेतो? मावशी नसती तर गोष्ट वेगळी. मग कुठलंही म्हातारं माणूस चाललं असतं."

तो गमतीनं बोलला. भाचा हसला नाही. त्यानं मान हलवली, एखादी वस्तू नीट ठेवून द्यावी तशी.

घरी येऊन मी दार लोटलं आणि त्याला सगळं सांगितलं. हार घातले ते, नोटीस, श्रावणातली दुपार, पायरी, "माझा" म्हणाले ते, आणि सोळा दिवस. बाप काय म्हणाला होता तेही सांगितलं. तो खाटेवर बसून ऐकत होता. त्याची मान लाल होत गेली.

"म्हंजी मी बिनलग्नाचा."

"लग्न झालं होतं. माझ्या खोलीत झालं. सरकारचं सोळा दिवस मागनं झालं."

"सोळा दिवस," तो म्हणाला. "मग सतरा दिवस पुढं लिवायची. कोण मोजायला येतंय? शाळंत तवा सहज वरीसभर मागं नेलंस. तवा जीभ अडली न्हाय. तवा बिड्या वळायच्या हुत्या म्हणून चाललं, आता माझ्यापायी का न्हाय चालत?"

हे तो बरोबर बोलला. शाळेत खोटं बोलताना मी कुणाचं काही घेतलं नव्हतं, एवढंच मला कळत होतं, पण ते मला नीट मांडता येईना. मी म्हणाले, "तुझ्या बापाला त्ये नगं हुतं."

"बापाला माझी आईबी लोकांत नगंच हुती."

तेही बरोबर होतं. त्यानं वर न बघता विचारलं, "हे आनि कुणाला ठाऊक हाय? सुईण? त्ये मिलचे दोघं?"

"सगळी गेली. मी एकटी."

त्यानं श्वास सोडला. मला तो ऐकू आला. मग उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे. आपन घाई करायची न्हाय. वकिलाला मी सांगतो, मावशीला बरं न्हाय."

मला काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गोळीचं विचारणं सुरू झालं. रोज आठ वाजता. गोळी घेतलीस का, चक्कर आली का, छातीत काही होतं का. एकदा बीपी मोजायचं यंत्र घेऊन आला, पट्टा माझ्या दंडाला बांधला आणि आकड्यांकडं बघत बसला. आकडा चांगला आला. "बरं हाय की तुझं," तो म्हणाला. आवाजात आनंद होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, गोवरात त्याच्या उशाशी बसले, आणि त्या दिवशी पट्टा सोडताना त्याची बोटं माझ्या दंडाला लागली तेव्हा मी हात ओढून घेतला.

तो वाईट माणूस नाही. त्यानं माझी एक गोळीही कमी केली नाही, उलट संपायच्या आधी आणून ठेवायचा. त्यानं काहीच केलं नाही. तो फक्त वाट बघत होता. त्या आश्रमातल्या म्हाताऱ्याची, आणि माझी. आणि आम्हा दोघांत मी आधी जायला पाहिजे होते, तरच त्याचा उपयोग होता. म्हातारा आधी गेला आणि मी जिवंत राहिले, तर मला सगळे विचारायला येणार. हे त्याच्याही डोक्यात असणार. कारण थंडीचा जोर वाढला तसा तो माझ्याकडं दिवसातून दोनदा यायला लागला.

संक्रांत झाली आणि एका सकाळी तो कामावर गेल्यावर मी धुतलेलं लुगडं नेसले, रिक्षा केली आणि एकटी कोर्टाकडं गेले. त्या वकिलाकडं नाही, बाहेर झाडाखाली टेबल टाकून टाईप करणारा बसतो त्याच्याकडं. त्याला सांगितलं तसं त्यानं लिहिलं. पोर कुठल्या दिवशी झालं, लग्नाची सही कुठल्या दिवशी झाली, मध्ये सोळा दिवस. ऑफिसात पोर माझं म्हणाले ते खोटं. शाळेत सांगितलं ते खोटं. त्यानं विचारलं, "आजी, हे कशाला पाहिजे? स्वतःच्या विरुद्धच लिहून देताय." मी म्हणाले, "तू लिव." नोटरीसमोर सही केली. चौथीपर्यंत शिकलेय, सही नीट येते.

संध्याकाळी भाचा आला. "मावशी, गोळी..."

मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानंच वाचला, मग पुन्हा वाचला. नखातलं ग्रीस कागदाच्या कडेला लागलं.

"दुसरा असाच तुझ्या वकिलाकडं पोचता केलाय," मी म्हणाले. "आता मी ऱ्हायले काय आन गेले काय, कागद तोच बोलणार. त्यापायी तुला रोज यायचं कारन न्हाय. मावशी म्हणून येत असशील तर ये."

त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. मी दाराकडं तोंड करून बसले होते, हे कबूल करते. नऊ वाजले. दहाला मी उठून आपल्या हातानं गोळी घेतली. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. त्याचं घर माझ्या घरापासून चार दारं सोडून आहे. त्याच्या दारावरची नवी पाटी मला दिसते. मोकळी जागा तशीच आहे.

नवव्या दिवशी आला. पहिल्यासारखा आत येऊन खाटेवर बसला. मी चहा टाकला. त्यानं गोळीचं विचारलं नाही. मी बशी पुढं केली. त्यानं चहा घेतला नाही, खिशातून मोबाईल काढला आणि अंगठ्यानं वर सरकवत राहिला. आता त्याला तिथून काहीच मिळणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"तिकडं बर्फ पडतोय म्हणं," तो म्हणाला.

चहावर साय आली. त्यानं मोबाईलवरची नजर काढली नाही.